वीस तारखेची रात्र आणि सकाळचे अडीच तास : सांगलीतल्या एका सीए कार्यालयाचं प्रकरण

वीस तारीख, रात्रीचे पावणेअकरा. गणपती पेठेतल्या एका सीए कार्यालयात हळदीच्या एका व्यापारी पेढीचं जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याच्या जीएसटीचं विवरणपत्र, भरायचं राहिलंय. खरेदीच्या वहीतलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर आधीच दिलेला, भरायच्या करातून वजा होणारा कर) आणि पोर्टलवरच्या २बी (विक्रेत्यांनी लावलेल्या बिलांवरून पोर्टल तयार करतं ती यादी) मधलं क्रेडिट यांत बरोबर ३६,००० रुपयांचा फरक येतोय. फरकाला ९ नं निःशेष भाग गेला की कुठंतरी आकडे उलटे पडलेत, ही खूण हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. इथंही तसंच झालं होतं. निजामाबादहून आलेल्या मालाच्या बिलावर कर ८४,५६० होता, वहीत पडला होता ४८,५६०. सीए मॅडम आणि त्यांचा अकाउंटंट, दोघांनी ते पान तीनदा वरून खाली वाचलं, आणि तिन्ही वेळा नजर त्या ओळीवरून घसरून पुढं गेली. शेवटी वहीतला आकडा धरून विवरणपत्र भरलं आणि पेढीला ३६,००० रुपये रोखीनं जादा भरावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तेच पान उघडलं, तेव्हा चूक सापडायला चार मिनिटं लागली.

तेच पान, तीच मॅडम, तीच चूक. मधे गेली होती फक्त एक रात्र. या प्रकरणाचा विषय ती चार मिनिटं आहेत.

एक खुलासा आधीच करतो. अशा कार्यालयांत सर्रास दिसणारी घडी एकत्र करून हे प्रकरण मांडलंय, त्यामुळे नाव-पत्ता नाही. कार्यालयातले आकडे मोजणी कशी करायची हे दाखवण्यापुरते घ्यावेत. तारखा, कायद्याच्या गोष्टी आणि शरीरशास्त्र मात्र जसंच्या तसं आहे.

कार्यालय आणि त्याचा महिना

माणसं चार. सीए मॅडम, वय बेचाळीस. एक अकाउंटंट, वय सत्तावीस, कामात तरबेज, पण अकराच्या आत तोंडातून शब्द फुटत नाही. सकाळचा क्लास उरकून दहाला येणारा आर्टिकलचा, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारा, मुलगा. आणि बँक, फायली, चहा असं सगळं बघणारे काका. दरमहा जीएसटी भरणारी खाती ६४ : मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे व्यापारी, कुपवाड एमआयडीसीतली वर्कशॉप, औषधांचे घाऊक विक्रेते, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान.

महिन्याची चाकोरी ठरलेली. ७ तारखेला टीडीएसचं चलन, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचा तपशील), १४ ला पोर्टलवर २बी तयार होतं, २० ला ३बी. समोरच्या व्यापाऱ्यानं कुठली बिलं लावली आणि कुठली नाहीत हे पक्कं दिसतं १४ ला, म्हणजे जुळवणीला हातात राहतात सहा दिवस, त्यातला एक बहुधा रविवार. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. ते एक वेळ सोसता येतं. खरी अडचण अशी की ३बी एकदा भरलं की ते बदलता येत नाही. चूक पुढच्या महिन्यात निस्तरायची आणि तोवर पक्षकाराची बोलणी खायची.

दिवस कसा जायचा? दहाला शटर वर. दहा ते दीड फोन आणि माणसं. "मॅडम, तेवढं चलन बघा की," "बँकेवाला बॅलन्सशीट मागतोय, आज द्या की वो." दीडला डबा. अडीचला मॅडम जुळवणीला बसायच्या, साडेतीनला डोळे जड व्हायचे, चहा, पुन्हा फोन, आणि खरं काम हातात यायचं ते सातला, लोक घरी गेल्यावर. अकाउंटंटचं उलटं. सकाळी दहाला त्याच्यापुढं सगळ्यांत किचकट खाती ठेवली जायची, "सकाळचं डोकं ताजं असतं" म्हणून. संध्याकाळी पाचनंतर त्याला ओटीपीसाठी फोन करत बसवलं जायचं, कारण व्यापारी तेव्हा मोकळे असतात.

म्हणजे दोघांचेही चांगले तास भलत्याच कामावर खर्च होत होते, आणि दोघांनाही आपण आळशी आहोत असं वाटत होतं.

पहिला उपाय : सगळ्यांनी पहाटे सहाला

जानेवारीत मॅडमनी ठरवलं, १५ ते २० या दिवसांत सगळ्यांनी सहाला यायचं. कल्पना आपल्याकडं घराघरांत रुजलेली : पहाटे उठावं, ब्राह्ममुहूर्तावर केलेला अभ्यास डोक्यात राहतो. मॅडमना ते जमलं, त्यांना तसंही पावणेसहाला जाग येते. अकाउंटंट पाचच दिवस आला आणि त्या पाच दिवसांत त्याच्या हातून नेहमीपेक्षा जास्त चुका झाल्या. त्याची आई कार्यालयात फोन करून म्हणाली, "मॅडम, पोरगं ताटावर डुलक्या काढतंय की वो." तो स्वतः मात्र चौथ्या दिवशी सांगत होता, "आता झालीय सवय."

"झालीय सवय" या दोन शब्दांवर जरा थांबायला हवं, कारण झोप तोडून काम ओढणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना सलग १४ रात्री फक्त सहा तास झोपू दिलं. लक्ष टिकवण्याच्या चाचणीत त्यांची घसरण एक रात्र अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी झाली. त्यांना स्वतःला वाटणारी पेंग मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी वाढली नाही. कामगिरी खाली जात राहते आणि जाणीव मात्र थांबते. म्हणून "मला बरं वाटतंय" हा पुरावा नव्हे.

अकाउंटंट पहाटेच्या बेताआधी पाऊणला झोपून पावणेसातला उठत होता. सहाला कार्यालय गाठायचं म्हणून तो सव्वापाचला उठू लागला, पण झोपायची वेळ पाऊणच राहिली. सहा तासांचे साडेचार झाले. लवकर आडवं होऊन उपयोग नव्हता, कारण शरीराचं घड्याळ दहाला झोप देत नसेल तर माणूस अंधारात छताकडं बघत पडतो.

आत काय चालतं

आपण किती जागे आहोत हे दोन गोष्टी मिळून ठरवतात. हा आराखडा आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडला. पहिली गोष्ट झोपेचा दाब : जागं झाल्यापासून मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, जितका वेळ जागं तितका दाब जास्त, झोपलं की उतरतो. दुसरी गोष्ट शरीराचं घड्याळ : मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या वर, सुमारे २०,००० पेशींची एक जोडगाठ आहे, ती साधारण २४ तासांचा ताल धरते. दाब दिवसभर खाली ओढतो, घड्याळ वर ढकलतं. दोन्ही जिथं आपल्या बाजूनं असतात तिथं डोकं चालतं. दुपारी दोन ते चार या पट्ट्यात दाब बराच चढलेला असतो आणि घड्याळाचा संध्याकाळचा जोर अजून लागलेला नसतो, म्हणून पेंग. जेवणानं ती वाढते, भात जास्त झाला तर आणखी, पण उपाशी राहिलं तरी पुरती टळत नाही.

माणसामाणसात फरक पडतो तो या घड्याळाच्या सुरुवातीत. तो मोजायला जेम्स हॉर्न आणि ओलोव्ह ऑस्टबर्ग यांची १९७६ सालची १९ प्रश्नांची प्रश्नावली आहे. पण कार्यालयासाठी टिल रोएनेबर्ग यांच्या म्युनिक प्रश्नावलीची रीत जास्त सोपी : सुटीच्या दिवशी, गजर न लावता, झोपेचा मध्य कुठं येतो ते बघायचं.

अकाउंटंटचा हिशेब असा. कामाच्या दिवशी १२:४५ ते ६:४५, सहा तास, मध्य ३:४५. रविवारी १:३० ते १०:००, साडेआठ तास, मध्य ५:४५. पण रविवारी तो आठवड्याची थकबाकीही फेडतो, ती वजा करावी लागते. सहा दिवस सहा तास आणि एक दिवस साडेआठ, सरासरी ६ तास २१ मिनिटं. रविवारची झोप त्याहून २ तास ९ मिनिटं जास्त, त्याची निम्मी सुमारे ६४ मिनिटं. ५:४५ मधून ६४ मिनिटं वजा केली की उरतात ४:४१. मॅडमचा आकडा त्याच रीतीनं २:३२ आला. दोघांत दोन तासांहून जास्त अंतर. मॅडमची सकाळ नऊला पुरती उजाडलेली असते, त्याची अकरानंतर.

इथं आपल्याकडची एक गोम आहे. रविवार सुटीचा असला तरी नळाला पाणी सातलाच येतं आणि घरात कुणीतरी उठवतंच. अशा रविवारी मोजमाप फसतं. पाहुणे नसलेले, गजर नसलेले, कुणी न उठवलेले निदान तीन दिवस हवेत. नसतील तर दिवाळीच्या सुटीचे शेवटचे तीन दिवस धरावेत. सुरुवातीचे धरू नयेत, अभ्यंगस्नानाच्या पहाटेनं ते आधीच बिघडलेले असतात.

आणखी एक गोष्ट सांगलीची. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, सांगली आहे सुमारे ७४.६ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर इथला सूर्य घड्याळाच्या साधारण अर्धा तास मागं चालतो. वर्षाच्या सरासरीनं तो माथ्यावर येतो बारा वाजून बत्तीस मिनिटांनी. जानेवारीत सूर्योदय सातच्या पुढं जातो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास होतो. शरीराचं घड्याळ लवकरच्या बाजूला सरकवणारी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे सकाळचा उजेड. जानेवारीत सहाला ट्यूबलाइटखाली बसलेल्या माणसाला तो तासभर मिळतच नाही. पहाटेचा प्रयोग करायला याहून वाईट महिना शोधून सापडला नसता.

मोजणी : चाळीस ओळी, सहा पेरलेल्या चुका

दुसरा उपाय मोजणीनं सुरू झाला. साधन साधं. एका पानावर डावीकडं ४० बिलांची यादी (जीएसटीआयएन म्हणजे व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, करपात्र रक्कम, कर), उजवीकडं तीच यादी वहीतली म्हणून. उजव्या यादीत सहा चुका मुद्दाम पेरलेल्या : दोन ठिकाणी आकडे उलटे, दोन ठिकाणी पंधरा अक्षरी जीएसटीआयएनमधलं एक अक्षर बदललेलं, एका ठिकाणी शून्य कमी, एका ठिकाणी बिल दोनदा. पानं तपासणाऱ्यानं स्वतः बनवायची नाहीत. ती आर्टिकलच्या मुलानं एक्सेलमध्ये ६० बनवली आणि काकांकडं बंद पाकिटांत दिली.

दिवसाला सहा वेळा : साडेनऊ, साडेअकरा, एक, तीन, पाच, सात. या दहा दिवसांपुरता अकाउंटंटही साडेनऊला येत होता. प्रत्येक वेळी एक पान, वेळ सात मिनिटं, फोन बाहेर. पान सुरू करण्याआधी पेंगेचा एक आकडा लिहायचा, कॅरोलिन्स्का मापाप्रमाणं १ ते ९ : १ म्हणजे टक्क जागं, ९ म्हणजे डोळे उघडे ठेवणं मुश्किल. दहा कामाचे दिवस. म्हणजे प्रत्येक वेळेला दहा पानं आणि ६० पेरलेल्या चुका.

६० पैकी निसटलेल्या चुका :

साडेनऊ : मॅडम ४, अकाउंटंट १७
साडेअकरा : मॅडम ५, अकाउंटंट ११
एक : मॅडम ९, अकाउंटंट १०
तीन : मॅडम १६, अकाउंटंट १२
पाच : मॅडम १०, अकाउंटंट ५
सात : मॅडम १३, अकाउंटंट ४

हे आकडे वाचताना हात आखडता ठेवावा. ४ आणि ५ मध्ये फरक नाही, ९ आणि १० मध्येही नाही. दहा दिवसांच्या मोजणीतून मिनिटाच्या हिशेबानं शिखर काढायला जाऊ नये. ४ आणि १६ मधला फरक मात्र धरून चालण्याजोगा आहे. मॅडमचा पट्टा सकाळी नऊ ते साडेअकराच्या पुढंपर्यंत, अकाउंटंटचा पाच ते आठ, इतकंच त्यातून घ्यायचं.

पेंगेचे आकडे वेगळंच सांगत होते. सायंकाळी सातला मॅडम स्वतःला ३ देत होत्या, म्हणजे चांगल्याच जाग्या. निसटत होत्या १३. दिवसाचा गलका संपलेला असतो, कार्यालय शांत असतं, ती शांतता माणसाला ताजेपणा वाटते. इतकी वर्षं रात्री बसण्यामागं हाच चकवा होता.

मोजणी कुठं बिघडते तेही सांगायला हवं. ती १५ ते २० च्या धांदलीत करू नये, झोप आधीच तुटलेली असते. २२ तारखेनंतर करावी. पहिल्या दोन दिवसांत हात बसत जातो, म्हणून सुरुवातीला दोन दिवस सरावाची पानं द्यावीत आणि ती मोजू नयेत. चहा घेतल्यावर तासाभरात तपासलेलं पान चहाचं असतं, तुमचं नसतं. मॅडमचं पाचचं पान पहिले दोन दिवस असंच फुगलं होतं, मग पाचचा चहा पानानंतर ठेवला आणि ते दोन दिवस मोजणीतून काढून पुढं दोन वाढवले.

दर ९० मिनिटांनी मेंदू वर-खाली होतो, त्या ठोक्यांवर काम बसवा, असा सल्ला फार फिरतो. नॅथॅनिएल क्लाइटमन यांची ती कल्पना, झोपेतल्या चक्रावरून जागेपणावर नेलेली. जागेपणी तसा पक्का ठोका असतो याला पुरावा लंगडा आहे. पाठ आखडते म्हणून दीड तासानं उठावं, त्यासाठी मेंदूच्या लहरींची साक्ष नको.

कामाची वाटणी : निर्णय वेगळा, बटण वेगळं

आता कामं. कार्यालयातल्या लोकांना विचारलं की कठीण काम कुठलं, तर उत्तर येतं : ३बी भरणं. पण ३बी भरणं हे एक काम नाहीच. त्यात चार कामं आहेत : वही आणि २बी जुळवणं, फरकांची कारणं लावणं, कुठलं क्रेडिट घ्यायचं नि कुठलं थांबवायचं ते ठरवणं, आणि शेवटी आकडे पोर्टलवर चढवून ओटीपी टाकणं. पहिलं अर्धं यंत्र करतं. दुसऱ्या-तिसऱ्याला डोकं लागतं. चौथ्याला लागतं चालू पोर्टल आणि फोन उचलणारा पक्षकार.

रात्री बसण्याचं जे कारण दिलं जायचं ते चौथ्या कामाचं होतं : "दिवसा पोर्टल रेंगाळतं, रात्री पटकन जातं." खरं आहे. पण त्यासाठी निर्णयही रात्रीवर ढकलायची गरज नव्हती. म्हणून नियम केला : प्रत्येक खात्याचा एक पानी गोषवारा चांगल्या तासात पूर्ण करायचा, त्यावर सही करायची, आणि पोर्टलवर चढवणाऱ्यानं त्यातला एकही आकडा बदलायचा नाही. पोर्टलवर वेगळा आकडा दिसला तर खातं बाजूला, सकाळी बघू. रात्री नऊला, पेंगलेल्या डोक्यानं "हे असंच असेल" म्हणून जे फेरफार होतात, ती वाट तिथंच बंद झाली. हा एकच बदल करता आला तरी पुष्कळ, बाकीचं वेळापत्रक नंतर लावलं तरी चालेल.

फोन आणि ओटीपी ही तिसरी जात. त्यांना डोकं लागत नाही पण ती डोकं मोडतात. सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामाचा शेष मनात रेंगाळतो आणि पुढच्या कामाला पूर्ण लक्ष मिळत नाही. जुळवणीत हे उघड दिसतं : २३ व्या ओळीवर फोन आला, चाळीस सेकंद बोलणं झालं, परत आल्यावर २५ व्या ओळीपासून सुरुवात. मधल्या दोन ओळी कुणीच वाचल्या नाहीत. उपाय म्हणून फोन उचलण्याआधी ओळीखाली लाल पट्टी ठेवायची. पंधरा रुपयांची प्लास्टिकची पट्टी, पण कामाची.

मग चांगल्या तासांचं अंदाजपत्रक. ६४ खात्यांपैकी १८ जड, प्रत्येकाला डोक्याचं काम ४५ मिनिटं : साडेतेरा तास. ४६ हलकी, प्रत्येकी १० मिनिटं : ७ तास ४० मिनिटं. एकूण २१ तास १० मिनिटं. हातात काय? १५ ते २० मध्ये रविवार वगळून पाच दिवस. मॅडमचे रोज अडीच तास म्हणजे साडेबारा, अकाउंटंटचे रोज पावणेतीन म्हणजे पावणेचौदा. मिळून २६ तास १५ मिनिटं. पाच तास शिल्लक राहतात! कमी पडत होते ते तास नव्हते, तासांची जागा चुकली होती. इतकी वर्षं ही बेरीज कुणी मांडलीच नव्हती.

लावलेलं वेळापत्रक

मॅडम नऊला येतात. त्यासाठी घरी मुलीचा डबा सासूबाईंनी बघायचं ठरलं, महिन्यातले सहाच दिवस, आणि ते आधी विचारून. साडेअकरापर्यंत दार बंद, मोबाइल काकांच्या ड्रॉवरमध्ये. आदल्या संध्याकाळी निघण्याआधी दहा मिनिटं : सकाळचं पहिलं खातं, त्याचं २बी, खरेदीवही आणि शंका लिहिलेली चिठ्ठी टेबलावर उघडी ठेवायची. हे न केल्यास नऊ ते साडेनऊ फायली शोधण्यात जातात, आणि ती अर्ध्या तासाची चोरी कुणाच्या लक्षातही येत नाही. पावणेबारा ते दीड फोन आणि माणसं. दीडला डबा, भाकरी-भाजी, भात थोडा. मग खुर्चीतच वामकुक्षी, गजर वीस मिनिटांचा. अर्ध्या तासाच्या पुढं गेलं की गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं आणखी जड होतं. तीनचा पट्टा हलक्या गोष्टींना : सह्या, चलनं, बँकेची पत्रं. चारला शेवटचा चहा, भडंगाबरोबर. चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात, पावणेअकराला झोपणाऱ्यानं सहाचा चहा घेऊ नये.

अकाउंटंट पावणेअकराला येतो, आठला निघतो. येताना गाडी वाटेत थांबवून पंधरा-वीस मिनिटं उन्हात चालायचं, हेल्मेट हातात. सकाळी फोन आणि ओटीपी त्याच्याकडं, दुपारी नोंदी, पाच ते पावणेआठ जुळवणी. त्यानं संध्याकाळी जुळवलेलं मॅडम सकाळी नऊला बघतात, मॅडमनी सकाळी ठरवलेलं तो पाचला बघतो. प्रत्येक पान दोन वेगळ्या माणसांच्या दोन चांगल्या तासांतून जातं.

नोटिशींची उत्तरं हा अपवाद. कुठल्या बाजूनं मांडावं हेच सुचत नसेल तर मॅडम ती फाइल मुद्दाम साडेतीनला उघडतात. मारिके वीथ आणि रोझ झॅक्स यांच्या २०११ सालच्या प्रयोगात उकल अचानक सुचावी लागते असली कोडी लोकांनी आपल्या मंद वेळेत जास्त सोडवली. ढिलं लक्ष आडवाटेला जातं, कधी कधी वाट तिकडंच असते. मसुदा मात्र सकाळी.

काय बिघडलं

पहिल्याच महिन्यात पक्षकार रुसले. बेदाण्याचे एक जुने व्यापारी दारातूनच काकांना म्हणाले, "मॅडम आता मोठ्या झाल्या, भेटत नाहीत." दारावर वेळेची पाटी लावून उपयोग झाला नाही, पाटी कोण वाचतं. उपयोग झाला तो काकांच्या वहीचा : नाव, पेढी, काय काम, केव्हापर्यंत हवं. आणि एका वाक्याचा : "पावणेबाराला मॅडम स्वतः फोन करतील." तो फोन एकदाही चुकला नाही, म्हणून पद्धत टिकली. एकदा चुकला असता तर दुसऱ्या दिवशी दार वाजलंच असतं.

दार वाजवायला दोनच कारणं ठरवली. आजच्या तारखेची नोटीस, आणि मालवाहतुकीच्या ई-वे बिलात चूक निघून रस्त्यात अडकलेली गाडी. गाडीला थांबायचं भाडं लागतं, तिथं कुणाचे चांगले तास बघायचे नाहीत.

दुसऱ्या महिन्यात १७ तारखेला देखभालीसाठी वीज गेली, सकाळी नऊ ते दुपारी दोन. इन्व्हर्टर दीड तासात बसला. तेव्हापासून १५ ला सगळ्या २बी आणि खरेदीवह्या छापून ठेवतात. कागदावर जुळवणी थोडी सावकाश होते, पण चुका जास्त दिसतात असं मॅडमचं म्हणणं आहे. ते मोजलेलं नाही.

सगळ्यांत चिवट बिघाड आतला होता. दार बंद, फोन बाहेर, आणि मॅडम साडेनऊला ईमेल उघडून बसलेल्या. सोपं काम पटपट संपतं, बरं वाटतं. त्यावर उपाय कठोर ठेवावा लागला : नऊ ते साडेअकरा त्या संगणकावर इंटरनेट बंद, लागणारं सगळं आदल्या दिवशी उतरवून ठेवायचं.

अकाउंटंटच्या घरी वेगळीच पंचाईत झाली. पोरगा पावणेअकराला कामावर जातो म्हणजे नोकरीत काहीतरी बिनसलंय असं शेजारी विचारू लागले. मॅडमना त्याच्या आईशी बोलावं लागलं.

तीन महिन्यांनी काय? २० तारखेला शटर सव्वाआठला खाली येऊ लागलं. भरल्यानंतर सापडलेल्या चुका पहिल्या महिन्यात ५ होत्या, तिसऱ्यात १. याचं सगळं श्रेय तासांच्या निवडीला देता येत नाही. प्रत्येक पान आता दोघं बघतात, आणि पूर्वी एकच जण बघत होता. कदाचित निम्मी सुधारणा नुसत्या त्या दुसऱ्या नजरेची असेल. वेगळं काढायचं तर महिनाभर दुसरी तपासणी बंद ठेवून बघावं लागेल, आणि पक्षकारांच्या पैशावर तो प्रयोग कुणी करू नये.

सप्टेंबर

राहिलंय ते सप्टेंबरचं. कर लेखापरीक्षण अहवालाची नेहमीची मुदत ३० सप्टेंबर. कार्यालयात अशा २२ फायली आहेत, प्रत्येकीला मॅडमचं स्वतःचं डोक्याचं काम चार तास : ८८ तास. आजवर त्या गणपती गेल्यावर सुरू व्हायच्या. १० सप्टेंबरपासून धरलं तर कामाचे दिवस १८, त्यातले पाच ३बी चे. १३ दिवस गुणिले अडीच, साडेबत्तीस तास. १ ऑगस्टपासून धरलं तर सुट्या आणि दोन महिन्यांचे ३बी चे दहा दिवस वजा जाता साधारण ४० दिवस, म्हणजे १०० तास. यंदा पक्षकारांना कागद मागणारी पत्रं १ जुलैलाच निघाली. तीन आठवड्यांत २२ पैकी सात जणांचे कागद आले. उरलेल्यांना फोन करायचं काम अकाउंटंटच्या सकाळच्या वेळेत टाकलंय.